४८ कोटी तासांचा हिशेब

राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) आज देशभरात सुमारे ४० लाख विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने वर्षाला १२० तास समाजाच्या कामाला द्यायचे, असे सलग दोन वर्षे; एकूण २४० तास. नियमातला आकडा धरून गुणाकार केला तर वर्षाला ४८ कोटी तास होतात. आठ तासांचा एक दिवस म्हटले तर ६ कोटी मनुष्यदिवस.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली २०२३-२४ या एका वर्षात ३०० कोटींहून अधिक मनुष्यदिवसांचे काम झाले. विद्यार्थ्यांचे सगळे तास पुरेपूर भरले आणि सगळेच टिकाव-फावड्यावर खर्ची पडले असे मानले, तरी ते रोजगार हमीच्या २ टक्क्यांच्या आसपास राहतात. खणायला या देशात हात कमी नाहीत. मग या ६ कोटी दिवसांत असे काय आहे, जे त्या ३०० कोटींत सहज सापडत नाही? माझे उत्तर असे की, हे कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचे दिवस आहेत. शासन निर्णय वाचता येणाऱ्या, अर्ज भरता येणाऱ्या, तहसील कचेरीच्या खिडकीशी उभे राहून ‘हे का अडलंय?’ असे विचारू शकणाऱ्या मुलामुलींचे. आणि आपण त्यांच्याकडून सर्वांत जास्त वेळ करून घेतो ते खणण्याचेच काम.

या २४० तासांमागे मोठा इतिहास आहे आणि त्यात एक मराठी माणूस ठळकपणे उभा आहे. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, हे आपल्याला पाठ असते. पण १९५९ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने शालान्त परीक्षा होऊन कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा असावी, अशी शिफारस केली होती, हे फारसे कुणी सांगत नाही. नऊ महिने, महिन्याला २५ कामाचे दिवस आणि दिवसाला आठ तास धरले, तर ते होतात १,८०० तास. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहता ती शिफारस मागे पडली. कोठारी आयोगाने सेवेचा आग्रह पुन्हा धरला, कुलगुरूंच्या आणि शिक्षणमंत्र्यांच्या बैठका झाल्या आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी योजना सुरू केली. ३७ विद्यापीठे, ४० हजार विद्यार्थी. तिथून आजच्या ४० लाखांपर्यंत संख्या शंभरपट झाली. तास मात्र देशमुखांच्या कल्पनेच्या साडेसातव्या हिश्श्याइतकेच. तास इतके थोडे म्हणूनच ते कुठे आणि कधी पडतात, याला किंमत आहे.

पैसाही थोडाच. अनेक वर्षे केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालांत छापला जाणारा दर असा होता: नियमित उपक्रमांसाठी प्रत्येक स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि दोन वर्षांतून एकदा होणाऱ्या विशेष शिबिरासाठी ४५० रुपये. दरवर्षी निम्मेच स्वयंसेवक शिबिराला जातात, म्हणून सरासरी वर्षाला ४७५ रुपये. ४० लाखांना गुणले की १९० कोटी. त्या दराने नियमित कामाचे २५० रुपये १२० तासांत वाटले तर तासाला दोन रुपये आठ पैसे पडतात. शिबिराचे ४५० रुपये सात दिवसांत वाटले तर दिवसाला ६४ रुपये. या ६४ रुपयांत चहा, नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि गावापर्यंतचा प्रवास बसवायचा. तो बसत नाहीच. मग गावातले कुणी तांदळाचे पोते देते, कुणी एका सांजेची पंगत अंगावर घेते, घराघरांतून भाकऱ्या गोळा होतात. शिबिराचा खरा खर्च गाव सोसते. सेवा घ्यायला बसलेले गाव आधी स्वतः देते, ही गोष्ट प्रत्येक शिबिरार्थीच्या कानावर पहिल्याच दिवशी घातली पाहिजे.

आता शिबिराचा दिवस पाहू. ‘विशेष श्रमसंस्कार शिबिर’ असे त्याचे आपल्याकडचे नाव. श्रमसंस्कार हा शब्द उच्चारला की बाबा आमट्यांची सोमनाथची छावणी आठवते; साठच्या दशकात तिथे सुरू झालेल्या परंपरेने महाराष्ट्रातल्या कित्येक तरुणांना हातात कुदळ धरायला शिकवले. योजनेच्या एका एककात, म्हणजे कॉलेजातल्या गटात, १०० स्वयंसेवक, त्यातले ५० शिबिराला. शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर मुक्काम. पहाटे प्रार्थना, प्रभात फेरी, मग न्याहारी आणि घमेली घेऊन श्रमदान. दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गटचर्चा, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. श्रमदान चांगले चार तास चालले असे धरू. ५० मुले, सात दिवस, चार तास: १,४०० तास, म्हणजे १७५ दिवसांचे काम. हाताला सवय नसलेला मुलगा दिवसभरात साधारण एक घनमीटर माती काढेल, हा माझा अंदाज. म्हणजे सगळ्या शिबिराचे खोदकाम १७५ घनमीटर. मऊ जमिनीत एवढे काम जेसीबी एक-दोन दिवसांत उरकतो.

हे मी श्रमदानाला कमी लेखून लिहीत नाही. मी स्वतः कॉलेजात असताना शिबिराला गेले होते. तळहातावर फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले आणि रोज मातीत काम करणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहायची माझी नजर त्या आठवड्यात कायमची बदलली. तो संस्कार खरा आहे. पण तो मिळाला मला. गावाला मिळाला तो ओढ्यातला दगडी बांध. दोन पावसाळ्यांनंतर मी त्या गावात पुन्हा गेले तेव्हा दगड खाली प्रवाहात विखुरलेले होते. बांध बांधल्यावर त्याकडे कुणी फिरकले नव्हते. पुढच्या वर्षी आमचे शिबिर दुसऱ्याच गावात झाले होते. माझ्या डायरीत मात्र त्या बांधाचे तास पक्क्या शाईत आहेत.

श्रमदानातही मुलांच्या हाताला साजेसे काम असते. वनराई बंधारा हे त्यातले उत्तम. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडे शिवायची, वाहत्या ओढ्यात आडवी रचायची. यंत्र लागत नाही, अभियंत्याची फारशी गरज नाही, ५० मुले दोन-तीन दिवसांत एक बंधारा उभा करतात आणि वरच्या अंगाच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. अट एकच: ओढा वाहता असताना बांधायला हवा, म्हणजे पाऊस सरता सरता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपली शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, कारण आधी सत्र परीक्षा असतात. तोवर दुष्काळी पट्ट्यातले बरेच ओढे आटलेले असतात. कोरड्या ओढ्यात पोती रचली तरी तास भरतात, फोटोही निघतो. अडवायला पाणी नसते.

वेळापत्रकाचा असाच घोळ रक्तदानात होतो आणि तिथे त्याची किंमत जास्त आहे. २४ सप्टेंबर हा योजनेचा वर्धापन दिन, १ ऑक्टोबर राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन, २ ऑक्टोबर गांधी जयंती. या आठ-नऊ दिवसांत कॉलेजांमध्ये रक्तदान शिबिरांची गर्दी होते. दान केलेल्या रक्तातल्या लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. २ ऑक्टोबरला दिलेल्या पिशवीतल्या लाल पेशींची मुदत १३ नोव्हेंबरला संपते. महाराष्ट्रात रक्ताचा खरा तुटवडा पडतो एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा कॉलेजे सुटलेली असतात आणि विद्यार्थी आपापल्या गावी असतात. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर काही आठवड्यांनी रक्त लागते, मे महिन्यातही. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. म्हणजे १०० जणांच्या एककाने आपले दाते चार तुकड्यांत वाटले, एक तुकडी मुद्दाम मेसाठी राखली आणि सुटीत त्यांना जवळच्या रक्तपेढीचा पत्ता देऊन ठेवला, तर एकही जादा दाता न आणता त्याच रक्ताचा उपयोग वाढतो.

रक्तदान शिबिरात मला दिसलेली दुसरी गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही. दात्याचे हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागते. बोटाला सुई टोचली जाते, थेंब तपासला जातो आणि मुलीमागून मुलगी परत पाठवली जाते. अहवालात जातात त्या जमलेल्या पिशव्या. परत पाठवलेल्या मुलींची यादी कुणी ठेवत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. म्हणजे रांगेतून बाजूला झालेली ती मुलगी अपवाद नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया तिच्यासारख्याच आहेत. ‘तू नाही देऊ शकत गं’ एवढेच ऐकून ती वर्गात परत जाते. तिचा आकडा कागदावर लिहून तिच्या हातात द्यायला, आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळवून द्यायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला एका स्वयंसेवकाचे किती तास लागतील? चार? पाच? माझ्या लेखी ती सेवा रक्ताच्या पिशवीइतकीच मोलाची आहे, आणि तीही स्वतःच्याच कॉलेजात.

आता मी ज्या आकड्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते.

महाराष्ट्रात ६५ वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वर्षाला १८,००० रुपये. आणि ५० मुलांच्या शिबिराचे वरच्या दराने येणारे सगळे अनुदान होते २२,५०० रुपये. शिबिराने गावात योजनेत बसणारी, पण अर्ज न केलेली दोनच म्हातारी माणसे शोधली आणि त्यांचे अर्ज मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला, तर त्या दोन घरांत वर्षाला ३६,००० रुपये येऊ लागतात. अनुदानाच्या दीडपटीहून अधिक आणि दरवर्षी.

वेळ किती लागेल? गावात २०० उंबरे असतील तर ५० मुलांच्या २५ जोड्या, प्रत्येक जोडीकडे आठ घरे. एका घराला अर्धा तास. चार तासांत सगळे गाव पाहून होते; एकूण २०० तास, श्रमदानाच्या १,४०० तासांच्या सातव्या हिश्श्यात.

सर्वेक्षण आजही होते. पण अनेकदा ते छापील प्रश्नावलीवर बरोबरच्या खुणा करण्यापुरते. ‘घरात शौचालय आहे का? टीव्ही आहे का? शिक्षण किती?’ प्रश्नावलीचे गठ्ठे कॉलेजच्या कपाटात जातात. मी एकदा अशा जोडीबरोबर फिरले होते. उंबऱ्यात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलीने विचारले, ‘आजी, पेन्शन मिळते का?’ आजी म्हणाल्या, ‘मला कोण देतंय बाळा.’ मुलीने ‘नाही’वर खूण केली आणि पान उलटले. तिच्यासोबतचा मुलगा मात्र थांबला. त्याने आधार कार्ड मागितले. फडक्यात गुंडाळलेले कार्ड आजींनी काढून दिले. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी आणि त्या वर्षावरून वय निघत होते ६१. आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पोरगा रांगत होता. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मुलाने बोटांवर हिशेब केला आणि तो गप्पच झाला. ६१ वर्षांच्या बाईला तेव्हा रांगते पोर असणे शक्यच नव्हते. कार्डावरचे वय चुकीचे होते आणि त्या एका चुकीमुळे आजी योजनेबाहेर होत्या.

ही चूक दुरुस्त करायला वयाचा पुरावा शोधायचा. मग उत्पन्नाचा दाखला, कारण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. मग रहिवासाचा पुरावा, बँक खाते आधारला जोडलेले आहे का ते पाहायचे, तलाठ्याकडे जायचे, तहसीलमध्ये अर्ज द्यायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा खेटे घालायचे. हे काम सात दिवसांत होत नाही, चार-सहा महिने चालते. पण वर्षाचे १२० तास नेमके यासाठीच तर आहेत. प्राथमिक प्रशिक्षणाचे २० तास वजा केले तरी १०० जणांच्या एककाकडे वर्षाला १०,००० तास उरतात. एका अर्जाला सगळे मिळून ३० तास लागले असे धरले, तरी दहा अर्ज ३०० तासांत होतात. एककाच्या वेळेतले हे फक्त तीन टक्के.

हे तास द्यायला कोण येते, हेही महत्त्वाचे आहे. इथे अमेरिकेतल्या ऑनर सोसायटीची आठवण होते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा शब्द आता ओळखीचा आहे. तिथली नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ मध्ये शाळांच्या मुख्याध्यापकांच्या संघटनेने सुरू केली. गुणवत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे तिचे चार निकष. पण दारातच गुणांची अट आहे: ४ पैकी किमान ३ किंवा शंभरातले ८५. आधी हुशार ठरा, मग सेवेचा मान मिळवा. मेरीलँड राज्याने दुसरी वाट धरली. तिथे शाळेतून उत्तीर्ण व्हायला प्रत्येकाला ७५ तासांची सेवा करावीच लागते. आपली योजना या दोहोंच्या मधली आहे. सक्ती नाही आणि गुणांची अटही नाही. खेड्यातल्या कॉलेजात कलाशाखेला असलेला, घरातला पहिलाच शिकणारा मुलगा तिथे पहिल्या दिवसापासून स्वयंसेवक असतो. ही आपल्या योजनेची सर्वांत मोठी श्रीमंती आहे असे मी मानते, कारण आजीच्या आधार कार्डापाशी थांबतो तो बहुतेक वेळा असाच मुलगा. त्याच्या स्वतःच्या घरात तशीच एक आजी असते.

आपल्याकडे मानाचे आकडे वेगळे आहेत. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनासाठी दरवर्षी २०० स्वयंसेवक निवडले जातात. ४० लाखांत २००, म्हणजे २० हजारांत एक. बाकीच्यांसाठी प्रमाणपत्र, आणि मुंबई, पुण्यासारख्या विद्यापीठांत दहा वाढीव गुणांची सवलत. ‘एनएसएसचे दहा मार्क’ हा शब्दप्रयोग कॉलेजच्या कट्ट्यावर रुळलेला आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणाखाली महाराष्ट्रात सहअभ्यासक्रमाला ८ श्रेयांक ठेवले आहेत आणि एनएसएस हा त्यातला एक पर्याय. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात. ८ गुणिले ३० म्हणजे २४०. जुना आकडा नव्या चौकटीत तंतोतंत बसला, याचा मला आनंद आहे. सेवेला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली. पण श्रेयांकही तासच मोजतो.

खरा पेच आठवणीचा आहे. स्वयंसेवक दोन वर्षांनी जातो. कार्यक्रम अधिकारी, म्हणजे या कामाची जबाबदारी घेतलेला प्राध्यापक, साधारण तीन वर्षांनी बदलतो. फार तर एक वर्षाची मुदतवाढ. आपले शिकवणे, पेपर तपासणे, घरसंसार सांभाळून तो १०० मुलांना सांभाळत असतो आणि त्याच्याइतके निरपेक्ष काम कॉलेजात फार थोडे लोक करतात. पण तो बदलला की कॉलेजने कामासाठी निवडलेले दत्तक गावही अनेकदा बदलते. गावातल्या कुणाचा अर्ज कुठे अडला होता, कोणत्या बंधाऱ्याची पोती फाटली होती, कोणत्या मुलीचे हिमोग्लोबिन नऊ होते, हे माहीत असलेला माणूस चार वर्षांनी या कामात उरत नाही. म्हणून गाव किमान पाच वर्षे तेच ठेवावे आणि त्या गावाची एक जाड वही असावी. घरवार पाने, प्रत्येक पानावर त्या घरातले अडलेले काम, पुढच्या वर्षी त्याचे काय झाले याची नोंद आणि सही. नवे स्वयंसेवक आले की त्यांच्या हातात आधी ही वही द्यावी, टिकाव नंतर.

यंदाच्या शिबिराची तयारी करणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि मुलामुलींना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या दिवशी उद्घाटन झाले की दुपारचे बौद्धिक एक दिवस बाजूला ठेवा, जोड्या करा आणि ऊन उतरायच्या आत गावातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचे आधार कार्ड बघा. चार तास लागतील. दोन अर्ज निघाले तरी शिबिराचा पैसा वसूल आहे.